कोची : पाहुण्यांचे शहर

केरळला जाणारी आपल्याकडील बहुतेक कुटुंबे कोचीत एखादा दिवस थांबतात, चिनी जाळ्यांसमोर छायाचित्र काढतात आणि मुन्नारची वाट धरतात. आम्ही तेथे तीन दिवस राहिलो. जुन्या शहराची अंगे दोन : फोर्ट कोची आणि मट्टांचेरी. एर्नाकुलमहून बोटीने खाडी ओलांडावी आणि मग पायी हिंडावे, हे उत्तम.

सकाळी प्रथम धक्क्यावर जावे. वाशांना टांगलेले प्रचंड जाळे काही माणसे दोर ओढून पाण्याबाहेर काढतात. दुसऱ्या टोकाला बांधलेले दगड त्याचा भार तोलतात. मेहनतीच्या मानाने मासळी थोडकीच. ती तेथेच विकत घेऊन शेजारच्या टपरीत शिजवून घेता येते.

तेथून जवळच संत फ्रान्सिसचे चर्च आहे. १५०३ साली ते प्रथम लाकडात उभे राहिले. १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी वास्को द गामा कोचीत निवर्तला व येथे त्याचे दफन झाले. पुढे त्याचे अवशेष लिस्बनला नेण्यात आले. १६६३ मध्ये डचांनी शहर जिंकले आणि हे चर्च प्रॉटेस्टंट झाले. आज ते चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आहे. आपले सांताक्रूझ कॅथेड्रल डचांनी कोठार म्हणून वापरले, तर इंग्रजांनी १७९५ मध्ये पाडून टाकले. आजची वास्तू १९०५ साली अभिषिक्त झाली आणि १९८४ मध्ये तिला बॅसिलिकेचा मान मिळाला. तेथे मिस्सा मल्याळममध्ये ऐकली. शब्द कळले नाहीत, तरी कोठेही परके वाटले नाही.

दुसरा दिवस मट्टांचेरीसाठी राखावा. मात्र शुक्रवार-शनिवार टाळावेत, कारण तेव्हा राजवाडा वा सिनेगॉग बंद असण्याचा संभव असतो. पोर्तुगीजांनी राजासाठी बांधलेल्या या राजवाड्याच्या भिंतींवर रामायणातील प्रसंग रंगवलेले आहेत. शेजारीच १५६८ मधील परदेशी सिनेगॉग आहे. पादत्राणे काढून हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांवरून चालावे लागते. १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी या मंदिराची नासधूस केली, हे तेथे ऐकताच आमच्या मुलीने हळूच विचारले, "पप्पा, हे करणारे आपल्याच धर्माचे होते का?"

होय, आपल्याच धर्माचे होते. पुढे चेरलाई भागात कोकणी बोल कानी पडले, तेव्हा तो प्रश्न अधिकच बोचला. सोळाव्या शतकात गोव्यातील धर्मछळाला कंटाळून निघालेल्या कित्येक कोकणी कुटुंबांना कोचीने आसरा दिला. त्यांचे तिरुमल देवस्थान येथेच आहे. इतकेच काय, ३ जानेवारी १६५३ रोजी संत थोमाच्या परंपरेतील ख्रिस्ती लोकांनी पोर्तुगीज धर्माधिकाराविरुद्ध जी 'कूनन क्रूस' शपथ घेतली, तीही मट्टांचेरीतच. ज्या गलबतांतून आपल्या वसईला श्रद्धेचे दान आले, त्याच गलबतांतून हा अहंकारही आला होता. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अशाच अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. ती आम्ही मुलीला समजावून सांगितली. श्रद्धा लपवून ठेवण्याची गरज नाही, तसा इतिहासही लपवू नये.

आता थोडे खाण्याविषयी. न्याहारीला आप्पम आणि नारळाच्या दुधातील स्ट्यू घ्यावा. दुपारी केळीच्या पानात भाजलेला करीमीन किंवा कुडमपुळी घातलेले मासळीचे कालवण मागावे. ही कुडमपुळी म्हणजे आपल्या आमसुलाची चुलतबहीणच. मट्टांचेरीत मुसलमान बांधवांच्या हातची बिर्याणी चुकवू नये. बेकरीत डचांच्या मागे राहिलेला, मनुके घातलेला 'ब्रूडर' पाव मिळाला तर अवश्य आणावा.

ज्यू, अरब, गुजराती, कोकणी, पोर्तुगीज, डच : कोचीने सर्वांना किनारा दिला. त्यांतील काहींनी यजमानाच्या घरातच हात उगारला, तरी त्यांच्याही पाककृती तिने जपल्या. वाचकहो, कोचीला गेलात तर बॅसिलिकेत जरूर गुडघे टेका. पण सिनेगॉगच्या उंबऱ्यावरही क्षणभर मान लववा. मुले बरोबर असतील तर ती प्रश्न विचारतील. त्यांना खरे उत्तर द्या.