कोणतं घड्याळ बांधावं?

एकच चांगलं घड्याळ घ्यायचं ठरलं की मन हमखास दोन तबकड्यांमध्ये अडकतं. एक पांढरी, पातळ, बारीक काट्यांची. ते ड्रेस वॉच. दुसरी काळी, ठळक आकड्यांची, अंधारात चमकणारी. ते पायलट वॉच. घरचे म्हणतात, हाताला शोभेल ते घे. मला वाटतं, शोभेचा विचार नंतर करावा. ही दोन घड्याळं अशी का घडली, ते आधी पाहावं.

पायलट वॉचच्या रेघेरेघेला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात लाको, स्टोवा, वेम्पे, लांगे आणि आयडब्ल्यूसी यांनी जर्मन हवाई दलातल्या दिशादर्शकांसाठी केलेली घड्याळं तब्बल 55 मिलिमीटर व्यासाची होती. पट्टा लांब, कारण तो जाड जाकिटाच्या बाहीवरून बांधायचा. चावी मोठी, कारण ती हातमोजे न काढता फिरवायची. बाराच्या जागी त्रिकोण आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका, म्हणजे काळोखातही वरची बाजू चटकन कळावी. ताऱ्यांवरून विमानाची जागा काढताना वेळ 4 सेकंदांनी चुकली, तर विषुववृत्तावर हिशेब एका सागरी मैलाने, म्हणजे 1.85 किलोमीटरने चुकतो. अशा तबकडीवर नटण्यामुरडण्याला वाव कुठला?

ड्रेस वॉचचा साधेपणा माणसांच्या सहवासातून आला. पाटेक फिलिपने 1932 साली काढलेलं कलात्रावा जेमतेम 31 मिलिमीटरचं होतं. शर्टाच्या कफाखाली अलगद सरकावं, ही या जातीच्या घड्याळाची पहिली अट. कित्येकांना तर सेकंदकाटाही नसतो. समोरचा माणूस मन मोकळं करत असताना आपल्या मनगटावरून वेळ त्याच्या अंगावर येऊ नये, ही अदब त्या पातळपणात आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

मुळात या दोन वाटा फारशा लांब नव्हत्या. 1904 साली पॅरिसमध्ये लुई कार्तिएने आपला वैमानिक मित्र आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ याच्यासाठी मनगटी घड्याळ केलं. उडताना दोन्ही हात गुंतलेले, खिशातलं घड्याळ काढायचं कसं, ही त्याची अडचण होती. त्याच्या नावाचं ते घड्याळ आज लोक सुटावर बांधतात. आपल्याकडे एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत घड्याळं करायला घेतली. पुढे त्यांचं ‘जनता’ घरोघरी पोचलं आणि काळ्या तबकडीचं ‘पायलट’ही अनेकांच्या हाती आलं. दोन्ही 17 ज्वेलची, दोन्ही रोज चावी द्यायची. सकाळी चावी फिरवताना चिमटीला जाणवणारी बारीक करकर आणि स्प्रिंग भरत आली की बोटांना होणारा हलका विरोध, यात डावं-उजवं करता येत नाही. वेगळा आहे तो तबकडीचा स्वभाव.

म्हणून निवड आपल्या दिवसाकडे पाहून करावी. ज्यांचं काम रात्रपाळीचं आहे, ज्यांना मिनिट हुकून चालत नाही किंवा ज्यांची नजर आता बारीक काट्यांवर ठरत नाही, त्यांनी बेलाशक पायलट घ्यावं. लग्नसमारंभातही ते खुशाल मिरवावं. नीट वाचता येणारी तबकडी कुठेच विजोड दिसत नाही.

माझा कौल मात्र पांढऱ्या तबकडीला आहे. सेकंदाचा हिशेब खिशातला मोबाइल चोख ठेवतो. कमी पडते ती समोरच्या माणसाला निवांत देता येणारी वेळ, आणि ती द्यायची आठवण हे अबोल घड्याळ मला करून देतं. तुम्हीही दुकानात आरशासमोर हात धरण्याआधी आपला एक साधा मंगळवार आठवा. त्या दिवसाला जे घड्याळ लागेल, तेच घ्या आणि रोज बांधा.