पिवळी खोली

लग्नानंतर बरीच वर्षं आम्हा दोघांना स्वतःची अशी खोली नव्हती. जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या कालव्याकाठी, सासऱ्यांचं दगडमातीचं घर आहे. त्याला लागून खोली काढायचं ठरलं. तीन भिंती विटांच्या नव्या उभ्या राहिल्या, चौथी जुन्या घराचीच ठेवली. बांधकाम ह्यांनी पाहिलं. रंगाचं मी पाहणार, असं मी आधीच सांगून टाकलं होतं.

मला पिवळा हवा होता, तोही लखलखीत. माझं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. तिकडे भीमाशंकरच्या डोंगरावरून पाऊस आडवा येतो, म्हणून घरांची छपरं खाली ओढलेली, खिडक्या लहान, भिंती कारवीच्या कुडाच्या आणि त्यावर शेणमातीचा लेप. आषाढ-श्रावणात भरदुपारी दिवा लावून तांदूळ निवडायचे. माझी खोली होईल ती उजेडाची होईल, हे मी शाळेत असतानाच मनाशी धरलं होतं.

नारायणगावला आम्ही दोघं रंगाच्या दुकानात गेलो. शेडकार्डावरच्या एका पिवळ्यावर मी बोट ठेवलं आणि ह्यांच्याकडे पाहिलं. "तुला आवडेल तो घे," हे म्हणाले. तो मी होकार धरला. रात्रभर कांद्याला पाणी भरून आलेला माणूस स्टुलावर बसून झोप आवरत होता, हे मला दिसत होतं. त्याला आत्ता विचारू नये, उद्या विचारावं, एवढं मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला उद्या विचारायचंच नव्हतं. उद्या कदाचित ते "फिका घे" म्हणाले असते.

कार्डावरचा तुकडा नखाएवढा, आणि तो पाहिला दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली. खोलीत चारही भिंती एकमेकींवर तोच रंग टाकतात, त्यामुळे तो कार्डापेक्षा कितीतरी गडद होतो. भिंतीवर हातभर पट्टा मारून सकाळ, दुपार, रात्र पाहायला हवं होतं. त्यात धुता यावा म्हणून मी चकचकीत ऑइलपेंट घेतला, आणि चकचकीत भिंत उजेड परत डोळ्यांवर फेकते.

शेतीपंपाची थ्री-फेज वीज आमच्याकडे पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात हे बॅटरी आणि काठी घेऊन मोटरीवर जातात. आमच्या पट्ट्यात ऊस आहे, उसात बिबट्या आहे, त्यामुळे तिथे घटकाभरही डोळा लागत नाही. पहाटे येऊन झोपायचं, ते उजाडताना. पूर्वेची खिडकी मी हट्टाने मोठी ठेवून घेतली होती. सूर्य वर आला की सगळी खोली पेटल्यासारखी व्हायची. हे काही दिवस तोंडावर टॉवेल टाकून झोपले. मग एका सकाळी गोधडी उचलून पडवीत, गुरांच्या शेजारी जाऊन आडवे झाले.

मी ते मनाला लावून घेतलं. एवढ्या हौसेने केलेल्या खोलीत ह्यांना झोपवत नाही, म्हणजे ह्यांना माझीच हौस खुपते, असा अर्थ मी काढला. भांडले. हे गप्प राहिले, तर त्याचाही राग आला. "का झोप लागत नाही?" असं साधं विचारलं नाही.

तेवढ्यात जुनी भिंत फुटली. आधी फुगे आले, मग पोपडे, आणि पोपड्यांखाली पांढरा खार. मी रंगाऱ्याला नाही नाही ते बोलले. त्या माणसाने मला आधी बजावलं होतं, "ताई, ही भिंत ओली आहे, दिवाळी होऊन जाऊ द्या." पण मला घटस्थापनेच्या आत खोली हवी होती. दसऱ्याआधी रंग काढायची आपली रीत, आणि चार महिने पाऊस पिऊन भिंती नेमक्या तेव्हाच सगळ्यात ओल्या असतात. मातीची भिंत जमिनीतलं पाणीही वर ओढते. चुना असता तर ती ओल हवेत गेली असती. ऑइलपेंटने मी तिचं तोंड बंद केलं, आणि कोंडलेल्या ओलीने रंगच उचलून टाकला. रंगाऱ्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली.

मार्गशीर्षात माहेरी गेलो होतो. तिथल्या अंधाऱ्या खोलीत हे सकाळी ऊन अंगणात आलं तरी गाढ झोपले होते. आईने उठवू दिलं नाही. जेवताना हे सहज म्हणाले, "इथं डोळ्याला थंड वाटतं." ज्या भिंतींपासून मी पळाले, त्याच ह्यांना हव्या होत्या. ते ऐकून मला फार वाईट वाटलं, आणि घरी परतल्यावर एवढ्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं, "तुम्हाला कसला रंग आवडेल?" "मातीचा," हे म्हणाले, "पण तुला आवडत नसेल तर नको."

जुन्या भिंतीचा ऑइलपेंट खरवडून काढला आणि ती वैशाखापर्यंत उघडी वाळू दिली. मग तिला चुना लावला, त्यात थोडा गेरू. ओला चुना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, म्हणून आधी पट्टे मारून वाळू दिले. ते दोघांनी मिळून पाहिले, पहाटे ह्यांनी आणि संध्याकाळी मी. पलंगासमोरची आणि खिडकीची भिंत मातकट केली, बिनचकाकीची. छत आणि आरशाची भिंत पांढरी ठेवली, ती माझ्यासाठी. खिडकीला जाड पडदा लावला. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दुपारपर्यंत ओढलेला असतो आणि मी माझं काम ओटीवर घेऊन बसते. हे पुन्हा पडवीत झोपायला गेले नाहीत.

जुन्या घराला लागून खोली काढणाऱ्या माझ्या जुन्नर-आंबेगावच्या बायांना सांगते: सणासाठी घाई करू नका, रंग उन्हाळ्यात काढा, मातीच्या भिंतीला चुनाच द्या. आणि डबा विकत घेण्याआधी, माणूस झोप होऊन उठला की, त्याला नीट बसवून विचारा.