थर्ड पार्टी म्हणजे कोण?

बाईकचा विमा संपत आला की घरोघरी एकच प्रश्न, "परत वाढला?" १५० ते ३५० सीसीच्या गाड्यांचा थर्ड पार्टीचा दर जून २०२२ मध्ये ११९३ वरून १३६६ रुपये झाला, वर जीएसटी वेगळा. हा दर सरकार ठरवतं, त्यामुळे घासाघीस नाही. नो क्लेम बोनसही त्यावर मिळत नाही, तो फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर.

मग कात्री लावायची कुठे? गाडी खूप जुनी असेल तर तो दुसरा भाग खुशाल सोडावा. पत्र्याला किती जपणार! थर्ड पार्टी मात्र कायदा नसता तरी मी भरला असता. उद्या आपल्या गाडीने कुणाचा कमावता माणूस गेला, तर त्याच्या घरच्यांना आपण काय देणार आहोत?