आमच्या हौदातले गप्पी मासे

डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्यसेवकांनी आमच्या गोठ्यामागच्या हौदात गप्पी मासे सोडले. त्यांतले २ नर आणि १ मादी मी बरणीत आणली. नर लहान, जेमतेम ३ सेंटिमीटर, पण अंगावर नारिंगी व काळे ठिपके. मादी मोठी, पण मातकट. तिने पिल्ले दिली. अंडी नाही बरं का, जिवंत पिल्ले!

आजी रोज भाकरीचा चुरा टाकायची. दीड महिन्यात नरांचे नारिंगी ठिपके फिके पडले. काळे मात्र तसेच! पिल्लेही वाढेनात, हौदातली केवढी झाली होती. आजी म्हणाली, "नजर लागली रं." दादा म्हणाला, "आता मरणार ते." मला रडूच आलं.

मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, काळा रंग माशाचं शरीर स्वतः बनवतं. नारिंगी रंगाची काही द्रव्ये मात्र त्याला खाण्यातूनच मिळतात. ती शेवाळात असतात, गाजरातही असतात. भाकरीत फारच थोडी. आणि वाढायला प्रथिने लागतात, ती अळ्यांत भरपूर.

मग मी हौदातलं शेवाळ खरवडून आणि अळ्या गाळून बरणीत घालू लागलो. आजी रागावली. "माझ्या भाकरीवरच वाढलात ना सगळे?" वाढलो, पण भाकरीबरोबर डाळ आणि मेथीही खाल्ली की!

काही आठवड्यांनी ठिपके पुन्हा उठून दिसू लागले. परवा हौद घासताना बाबांनी एका बाजूचं शेवाळ तसंच ठेवलं. आजीनेच सांगितलं होतं.