मुका हमाल

हल्लीची यंत्रे फार बोलतात. मोबाइलवरचे एखादे छायाचित्र पुसायला जावे, तर तो विचारतो, 'नक्की ना?' मला कौतुक वाटते ते 'डीडी' या मितभाषी आज्ञेचे. युनिक्सच्या जगात ती १९७० च्या दशकापासून नांदते आहे. तिला मुख्यतः दोनच गोष्टी सांगायच्या : 'इफ' म्हणजे कोठून आणि 'ऑफ' म्हणजे कोठे. की ती आख्खी डिस्क उचलून दुसरीकडे नेऊन ठेवते. आमच्या गोंदियातल्या धानगिरणीवरचा हमाल आठवावा. पोत्यात धान असो की कोंडा, त्याचा खांदा तोच! डीडीही फायली, रिकाम्या जागा, पुसलेल्या मजकुराचे अवशेष, सारे जसेच्या तसे वाहते आणि शेवटी किती आले, किती गेले, एवढाच हिशेब देते. 'इफ' आणि 'ऑफ' यांची अदलाबदल झाली, तर मात्र भरली कोठी साफ व्हायची. तेव्हाही ती 'नक्की ना?' म्हणणार नाही.

दंडारीत गाणारे आमचे बाबा गेले, आणि त्यांचा आवाज उरला तो एका जुन्या डिस्कवर. पुढे तीही कुरकुरू लागली. भाचा म्हणाला, "मामाजी, उघडून पाहू नका. आधी नक्कल काढू." अशा आजारी डिस्कसाठी त्याने 'डीडीरेस्क्यू' हे अधिक सबुरीचे साधन घेतले. सहज निघेल ते आधी काढायचे, अडलेल्या जागी मागून पुन्हा जायचे. रात्रभर काम चालले. घरात कोणी मोठ्याने बोलेना. जणू आतल्या खोलीत कोणी आजारी माणूस निजले होते.

सकाळी त्याने ती नक्कल 'माउंट' केली. युनिक्सच्या १९७१ मधल्या पहिल्या पुस्तिकेतही ही आज्ञा आहे. त्या काळी डिस्क खरोखरच हातांनी उचलून यंत्रावर चढवावी लागे; आता चढते ती नुसती एक फाइल, आणि संगणक तिलाच डिस्क मानतो. भाच्याने अट घातली : केवळ वाचायचे, लिहायचे नाही.

बाबा गाऊ लागले. तिसऱ्या कडव्यात आवाज तुटला, काही क्षण शांतता, आणि पुन्हा सूर.

"एवढी जागा कापून जोडून देऊ?"

"राहू दे," मी म्हणालो.

गेलेल्या माणसाविषयी बोलताना अशा किती रिकाम्या जागा आपण आपल्याच शब्दांनी बुजवून टाकतो! आत्याला ते कडवे पाठ आहे. दिवाळीला ती येईल, तेव्हा तिच्याकडून म्हणवून घेऊ. पण ते वेगळ्या फायलीत ठेवू. बाबांच्या नकलेत नाही.