कांदा नव्हे, डॅफोडिल!

डॅफोडिल्स म्हटलं की आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना वर्ड्‌स्वर्थ आठवतो. कविता तोंडपाठ, फूल मात्र कुणीच पाहिलेलं नाही! पाहणार कुठून? त्याच्या कंदाला फुलण्याआधी कडक थंडी लागते. काश्मीरची नर्गिस ही त्याचीच बहीण. आमच्या कराव्याला खाडीच्या दमट हवेत स्वेटरसुद्धा कपाटातच पडून असतो.

पण त्याचे नातेवाईक आपल्याकडेही आहेत. सोसायटीच्या बागेतली पांढरी स्पायडर लिली, पहिल्या पावसात उगवणारी गुलाबी रेन लिली, आणि गंमत म्हणजे आपला कांदा-लसूणही! एकच कुळ, म्हणून कंद दिसायला सारखे. धोका इथेच आहे. डॅफोडिल-लिलीच्या कंदात लायकोरिन हे विष असतं. पोटात गेलं की मळमळ, उलट्या, जुलाब. 2009 साली इंग्लंडमधल्या एका शाळेत कांदा समजून डॅफोडिलचा कंद सूपमध्ये पडला आणि मुलं आजारी पडली. म्हणजे शिजवूनही सुटका नाही!

आमच्या घरी थोडक्यात निभावलं. आजीला हल्ली विसरायला होतं. गेल्या पावसाळ्यात तिने कुंडीतले लिलीचे कंद उपटले, धुतले आणि विळीवर चिरायला घेतले. आईच्या लक्षात आलं ते वासावरून, म्हणजे वास न आल्यामुळे! (मेसवाल्या मावशी, ही टेस्ट लक्षात ठेवा.) आजी भडकली, "जलम गेला माजा कांदं चिरन्यान, आन मना शिकवता?" मग बराच वेळ कुणाशी बोललीच नाही.

नंतर डॉक्टरांनी तिला गोळी लिहून दिली, गॅलॅन्टामाइन. नेटवर शोधलं तर काय, हे द्रव्य मिळतं स्नोड्रॉप आणि डॅफोडिलच्या कंदातून! अमेरिकेत 2001 साली अल्झायमरसाठी त्याला मान्यता मिळाली. मेंदूत निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या एन्झाइमला ते अडवतं. टाकीचं गळणं जरा कमी होतं, टाकी नवी होत नाही.

धाकट्या भावाने लगेच विचारलं, मग कंदच उकळून का नाही द्यायचे? अरे, कंदात लायकोरिनही येतं, आणि गोळीतले मिलिग्रॅम कंदात कोण मोजणार? गोळीनेसुद्धा मळमळतं, म्हणून ती जेवणाबरोबरच द्यायची.

आजी आता गोळी मुकाट्याने घेते. मला कधी माझ्या नावाने हाक मारते, कधी आत्याच्या. कुंड्या गच्चीवर गेल्या आहेत, आणि कांदा चिरायचं काम अजूनही तिच्याकडेच आहे. आई फक्त आधी हुंगून देते.