वेगळा ठेवलेला कप

उन्हाळा लागला की आमच्या खानदेशात बिबड्यांची घाई सुरू होते. हे काम एकटीदुकटीचे नव्हे. आज हिच्या गच्चीवर तर उद्या तिच्या, अशा आम्ही जळगावच्या आमच्या गल्लीतल्या चौघीजणी जमायचो आणि उन्हं चढायच्या आत थापून मोकळ्या व्हायचो. त्यातल्या एका बाईंचे यजमान केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. बिबडे थापावेत तर त्यांनीच, इतका त्यांचा हात हलका.

२००३ साली त्यांचे यजमान गेले. आधी वर्षभर ताप, खोकला, वजन सारखे उतरत चाललेले. कुणी टीबी म्हणाले, कुणी करणी. मग कशी कोण जाणे, बातमी फुटली आणि 'एड्स' हा शब्द गल्लीत कुजबुजत फिरू लागला. बाईंनाही लागण निघाली होती.

पुढच्या उन्हाळ्यात त्या नेहमीसारख्या मदतीला आल्या. शेजारीण माझ्या कानाशी लागली, "तिच्या हातचे नको गं माय!" मी त्यांना काही बोलले नाही. चहासुद्धा दिला. पण त्या गेल्यावर त्यांचा कप मोरीत वेगळा ठेवला आणि त्यांनी थापलेले बिबडे गाईला घातले. त्यानंतर मी बोलावणे धाडले नाही, त्याही आल्या नाहीत.

माझी चूक मला कळायला बरीच वर्षे जावी लागली. मुलगी धुळ्याला दिलेली. तिला दिवस गेले, तेव्हा सरकारी दवाखान्यात नाव घालायला मी बरोबर गेले. सिस्टरने रक्ताच्या इतर तपासण्यांबरोबर एचआयव्हीचीही सांगितली. माझा पाराच चढला. "अहो, चांगल्या घरची लेक आमची. तिला कशाला ही असली तपासणी?"

सिस्टर चिडल्या नाहीत. आम्हाला बसवून म्हणाल्या, "काकू, हा विषाणू घराणे बघून येत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते आपल्या धुळ्यात भेटतात. महिनोन्महिने बाहेर राहणारी माणसे इथे किती! आणि नुसते ड्रायव्हरच कशाला, कुणालाही होऊ शकते. नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष माहीत नसलेल्या बायका इथे लागण घेऊन येतात."

मग त्यांनी नीट समजावले. लागण होते ती निरोधाविना आलेल्या संबंधातून, दूषित रक्तातून, दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला: पोटात, बाळंत होताना किंवा अंगावरच्या दुधातून. उपचार नसतील तर अशा शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईला वेळेवर औषध मिळाले तर ५ हूनही कमी. म्हणून तर तपासणी! आणि स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, डास चावल्याने, कुणी वापरलेल्या कपातून हा रोग लागत नाही.

कपाचे नाव निघाले आणि माझी मान खाली गेली.

जळगावला परतल्यावर मी बाईंच्या दारात गेले. १ एप्रिल २००४ पासून सरकारने औषधे मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हा केंद्रे मोजकीच होती. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांतलेच. बाई रात्रीच्या गाडीने तिथवर जात होत्या. पुढे केंद्रे वाढली, त्यांची ही पायपीट थांबली. एक दिवस न चुकता गोळ्या घेऊन त्यांनी दोन मुलांना मार्गी लावले होते. मी कशीबशी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "वहिनी, कप वेगळा ठेवलेला मी खिडकीतून पाहिला होता. पण बाकीच्यांनी चहाही विचारला नव्हता."

मैत्रिणींनो, हे बोलणे ऐकायची पाळी तुमच्यावर येऊ नये. दिवस राहिले की पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी करून घ्या, आणि यजमानांनाही करायला सांगा. यात अविश्वास नाही, बाळाची काळजी आहे. शंका असेल तर निरोधाचा आग्रह धरा. लागण नुकतीच झाली असेल तर तपासणीत दिसायला तीन महिनेही लागू शकतात, तेव्हा सांगतील त्या मुदतीने पुन्हा करा. सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते, नाव गुप्त ठेवतात. १०९७ या क्रमांकावर फोन करून फुकट सल्लाही मिळतो.

लागण निघालीच तर जग बुडत नाही. रोग मुळासकट जात नाही, पण रोजच्या औषधाने विषाणू दबून राहतो. रक्तात तो सापडेनासा झाला आणि औषध चालू ठेवले, तर जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. मात्र बरे वाटले म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. २०१७ चा कायदाही अशा माणसांच्या पाठीशी आहे. संमतीवाचून तपासणी करता येत नाही, आणि लागण आहे एवढ्यावरून नोकरीवरून काढता येत नाही.

पण गल्लीतल्या गच्चीवर कायदा येत नाही. तिथे आपल्यालाच बोलावणे धाडावे लागते. यंदा बिबडे थापायला बाई माझ्याकडे होत्या, आणि चहाचे सगळे कप मी एकत्रच विसळले.